रेशीमकिड्यांमागचा राखीव साठा

माझ्या थोरल्या दिरांचा देवावर विश्वास आहे की नाही, हे इतक्या वर्षांत मला नक्की कळलेलं नाही. पण पुरवठ्यावर मात्र त्यांचा काडीचाही विश्वास नाही, हे मी कुठेही लिहून देईन. जगातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी संपणार, ती संपेल त्याच दिवशी नेमकी तिची गरज पडणार, आणि त्या दिवशी करोंदपासून मंडीदीपपर्यंतच्या एकाही दुकानात ती मिळणार नाही, अशी त्यांची पक्की धारणा आहे. याला कारण त्यांची नोकरी. भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्यात ते सगळी वर्षं स्टोअर्समध्ये होते. एखाद्या क्षुल्लक वॉशरवाचून मोठं मशीन बंद पडलं की इंजिनिअर लोक स्टोअर्सच्या खिडकीशी येऊन आरडाओरडा करत. मग भाऊजी न बोलता आत जात आणि कुणाच्या स्वप्नातही येणार नाही अशा कोपऱ्यातून तो वॉशर काढून आणून खिडकीत ठेवत. ठेवताना इंजिनिअरकडे बघतही नसत. ते न बघणं हे त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं सुख होतं. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही असं विचारलं की म्हणतात, "त्या सुमारास कारखान्याचं एक्स्पान्शन चालू होतं."

निवृत्त झाल्यावर कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागतं. माझ्या यजमानांची नोकरी अजून बाकी होती, म्हणून भाऊजी आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. सामान म्हणून लोक कपडे आणतात, भांडी आणतात; भाऊजींनी साठा आणला. आल्यापासून महिनाभरात माझ्या घरातली एकही गोष्ट तिच्या जागेवर राहिली नाही. तांदळाच्या डब्यात बल्ब, शिवणयंत्राच्या पेटीत आगपेट्या, माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत टॉर्चचे सेल. हे सगळं नजरेआड का ठेवायचं, यावर त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "दिसणारा माल म्हणजे संपलेला माल, सुधा. माणसाला दिसलं की तो वापरतो." एकदा ऐन हळदीकुंकवाच्या दिवशी साखर संपली. बायका बाहेर बसलेल्या, मी स्वयंपाकघरात हातावर हात धरून उभी. भाऊजी आत गेले आणि नव्या बुटांच्या खोक्यातून साखरेची पिशवी काढून माझ्या हातात दिली. माझ्याकडे बघितलं नाही. बूट कुठे होते, ते मी विचारलं नाही.

त्यांचा दुसरा नाद संपादकांना पत्रं लिहिण्याचा. तीही इंग्रजीत, कारण मराठी वर्तमानपत्र भोपाळला शिळं होऊन पोचतं आणि हिंदीत तक्रार केली की ती भांडणासारखी वाटते, असं त्यांचं मत. "इंग्रजीत माणूस रागावला तरी उभा राहूनच रागावतो," असं ते म्हणत. रेल्वेच्या वेळापत्रकाचा बारीक टाइप, टी. टी. नगरच्या बाजारातले उघडे मॅनहोल, कारखान्याच्या कँटीनमधले चमचे, परदेशी पाहुणे आले की रस्त्यांना लावला जाणारा चुना, असा कुठलाच विषय त्यांनी सोडला नाही. पत्र छापून आलं की ते खूश व्हायचे. पण संपादकाने एखादी ओळ कापलेली असली की दिवसभर जेवायचे नाहीत. कापलेल्या ओळीच चांगल्या होत्या, हे ते आम्हांला वाचून दाखवत. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा संपादकाचंच बरोबर असायचं.

नोकरीत असतानाच त्यांनी बाहेरून परीक्षा देऊन इंग्रजीत एम. ए. केलं होतं. कारखान्यात त्याची कुणी दखल घेतली नाही. तिथे इंजिनिअर हे माणूस आणि बाकीचे मनुष्यबळ. स्टोअर्सवाल्याने एम. ए. केलं काय आणि न केलं काय, खिडकीबाहेरचा आवाज तोच. ते बोलून दाखवत नसत, पण निवृत्तीच्या आधी त्यांनी स्वतःच्या नावाची पितळी पाटी करून घेतली, तेव्हा नावाच्या अलीकडे थोडी जागा मोकळी सोडून घेतली. पाटीवाल्याला वाटलं चूक झाली. त्याने सगळं नाव सरकवून मधोमध आणलं. भाऊजींनी त्याच्याकडून ती पुन्हा करून घेतली. मग वयाच्या साठीत विद्यापीठात पीएच.डी.ला नाव नोंदवलं, आणि विषय घेतला: इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या वाचकांच्या पत्रांची भाषा. सामान्य भारतीय माणूस इंग्रजीत तक्रार कशी करतो, असा थोडक्यात मुद्दा. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक त्यांच्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान, बिचारे त्यांना घाबरूनच असत. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "सर, एवढंच, की यात तुमची स्वतःची पत्रं अभ्यासाला घेता येणार नाहीत." भाऊजी थक्क झाले. म्हणाले, "मग उरतं काय?"

आता अडचण अशी, की त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी नोकरी करते आणि इंग्रजी व पत्रकारिता या दोन विषयांची कपाटं माझ्याकडे आहेत. घरी अंघोळीचं पाणी तापलं का म्हणून मला हाक मारणारे भाऊजी अर्ध्या तासाने काउंटरवर माझ्यासमोर उभे राहत आणि म्हणत, "मॅडम, आपण कृपया हा खंड उपलब्ध करून द्याल का?" मी हळूच म्हणायची, "भाऊजी, डबा विसरलात, मी आणलाय." त्यावर ते इकडेतिकडे बघून, "ते कार्यालयीन वेळेनंतर." ते पाळीवर यावं तसे येत. ग्रंथालयाचं दार उघडायच्या आधी पायरीवर हजर. खुर्चीसाठी घरची उशी. जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड धुळीने भरलेले असतात, म्हणून कारखान्यातले सुती हातमोजे आणि खाकी ॲप्रन. ते खंड इतके जड की आम्ही ते ढकलगाडीवरून आणतो. त्या गाडीचं चाक कुरकुरायचं, तर दुसऱ्या दिवशी भाऊजी तेलाची बुधली घेऊन आले आणि शांतता पाळा अशा पाटीखाली बसून त्यांनी चाक काढून, पुसून, तेल देऊन पुन्हा बसवलं. एक विद्यार्थिनी त्यांना विचारून गेली, "भैया, पंखा भी देख लोगे क्या?" त्यांनी पंखाही बघितला.

संगणकावर परदेशी नियतकालिकं वाचायची सोय आमच्याकडे नुकतीच झाली होती. भाऊजी त्याला 'इंपोर्टेड माल' म्हणत आणि तो कुठल्याही क्षणी बंद होणार या भीतीने लेखच्या लेख हाताने उतरवून घेत. शेजारी प्रिंटर होता. पण प्रिंटरची शाई हाही एक पुरवठाच. सर्वांत जास्त संताप त्यांना आमच्या पुस्तकांच्या यादीचा यायचा. पडद्यावर पुस्तक आहे असं दिसायचं आणि रॅकपाशी जावं तर तिथे फट. "मॅडम, रेकॉर्डला साठा आहे आणि रॅकला नाही! आमच्याकडे यावर चौकशी बसायची." मी त्यांना समजावलं, की हे सगळीकडे चालतं. काही पुस्तकांची एकच प्रत असते, ती घरी न्यायला मिळत नाही. मग परीक्षेच्या दिवसांत मुलं ती भलत्याच विषयाच्या रॅकमध्ये खुपसून ठेवतात, म्हणजे दुसऱ्या कुणाला सापडू नयेत. भाऊजी लालबुंद झाले. त्यांनी मुख्य ग्रंथपालांना इंग्रजीत दोन पानी पत्र लिहिलं, की पुस्तक लपवणं ही चोरीच समजावी आणि लपवणाऱ्याचं सदस्यत्व त्या सत्रापुरतं रद्द करावं. आमचे ग्रंथपाल भोपाळचेच, फार सभ्य गृहस्थ. त्यांना ती सूचना पटली, समितीने ती मंजूर केली, आणि नियम छापून भिंतीवर लागला. भाऊजी जाता-येता तो वाचत. एकही ओळ कापलेली नव्हती.

त्या वर्षी दर शनिवारी मंडीदीपहून एक बाई यायला लागल्या. माहेरच्या उज्जैनच्या, मराठी. मंडीदीपच्याच एका शाळेत इंग्रजी शिकवायच्या. वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींमधलं इंग्रजी हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. शिंपी, कोचिंग क्लास, भाड्याच्या खोल्या, असल्या जाहिराती. आठवडाभर शाळा, घर, सासू, दोन मुलं, आणि शनिवारी दोन वाहनं बदलून आमच्याकडे. त्या सत्रात प्रबंध दिला नाही तर त्यांची नोंदणी संपणार होती, आणि घरच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की शनिवार मिळतील ते एवढं सत्रच. भाऊजींचीही मुदत एकदा वाढवून घेतलेली, तीही त्याच सत्रात संपत होती; त्यांचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. दोघांची जेवायची वेळ एक, म्हणून मागच्या पायऱ्यांवर दोघं एकत्र डबा खायची. भाऊजी त्यांना चिवडा देत आणि जगातल्या टंचाईबद्दल माहिती देत.

बाई दर शनिवारी माझ्याकडे येऊन तेच म्हणायच्या, "ताई, वर्तमानपत्राच्या भाषेवरची ती पुस्तकं आजपण भेटली नाहीत. किती ढूंढलं मी!" मीही ढूंढत होते. माझी कपाटं मी दोनदा उपसली. भाऊजी शेजारीच बसलेले असत आणि मान हलवत. "आजकालची पोरं," ते म्हणत, "लपवत असणार. काही नीतिमत्ताच नाही."

एका शनिवारी बाई रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, "काका, त्या पुस्तकांशिवाय दुसरं प्रकरण पुढे सरकतच नाही. मी काय गाईडला सांगू, रॅक रिकामा आहे म्हणून?" भाऊजींना हे सहन झालं नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं. "रडायचं नाही. तक्रार करायची. मी ड्राफ्ट करतो, तुम्ही सही करा." आणि माझ्या काउंटरवरच त्यांनी अर्ज लिहायला घेतला. फार सुंदर अर्ज होता तो. संशोधक महिलेची गैरसोय, समाजविघातक प्रवृत्ती, तातडीने साठा पडताळणी, दोषी व्यक्तीवर नियमाप्रमाणे कारवाई. मग ते म्हणाले, "आता पुस्तकांची नावं सांगा. जोडपत्रात देऊ."

बाईंनी पहिलं नाव सांगितलं आणि भाऊजींचं पेन थांबलं.

"काका, लिहिलं?"

"हं," म्हणाले. लिहिलं. बाईंनी दुसरं सांगितलं. त्यांनी तेही लिहिलं, हळू, एकेक अक्षर. तिसऱ्या नावाला त्यांनी चष्मा काढून पुसला. पुढची सगळी नावं त्यांनी बाईंच्या सांगण्याआधीच लिहिली. बाई म्हणाल्या, "अरे वा काका, तुम्हांला तर सगळी पाठ आहेत!"

माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं मी त्यांच्यासोबत राहते आहे. बाईंना मी पाणी प्यायला पाठवलं आणि विचारलं, "भाऊजी, कुठे ठेवलीत?"

"रेशीमकिडे," ते म्हणाले. "दुसरा मजला. मागची रांग. किड्यांच्या पुस्तकांमागे."

हे त्यांनी नीट अभ्यास करून ठरवलं होतं. पुस्तकाच्या शेवटी तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी असते. ती बघत बघत त्यांनी अख्खं ग्रंथालय पालथं घातलं, आणि वर्षानुवर्षं एकही शिक्का न पडलेला विभाग शोधून काढला. आमच्या विद्यापीठात रेशीमकिड्यांना वाचक नाही. गरज पडेल तेव्हा ते वर जात, उभ्याउभ्या वाचत, आणि पुन्हा तिथेच ठेवून येत. मी म्हटलं, "पण भाऊजी, तुम्हीच तर तो नियम करायला लावलात. लपवणं म्हणजे चोरी."

"मी लपवली नव्हती गं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मला हसावं का रागवावं कळेना. "मी राखीव ठेवली होती. लपवलेली वस्तू हरवते. राखीव वस्तू साठ्यातच असते. फक्त जागा बदलते. आमच्याकडे..." मग ते थांबले. बहुधा त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं असावं, की आपण खिडकीच्या आत नाही, बाहेर उभे आहोत. आणि आत कुणीच नाही, जो त्या बाईंना जाऊन वॉशर काढून देईल.

मी आडवळणं घेणारी नाही. मी म्हटलं, "हे बघा, मी आत्ता वर जाते, पुस्तकं आणते, बाईंना म्हणते की सापडली. अर्ज फाडून टाका. कुणाला काही कळायचं कारण नाही. तुमचं एकच प्रकरण उरलंय. कार्ड गेलं तर बांधीव खंड तुम्हांला घरी कोण आणून देणार? मुदत संपेल. इतक्या वर्षांचं काम वाया जाईल."

"ते मला कळतं," भाऊजी म्हणाले.

"मग?"

"तूट आली तर ती कळवायची असते. गुपचूप भरून काढून गप्प बसतात ते स्टोअर्सवाले वेगळे."

त्यांनी अर्जाच्या तळाशी आणखी दोन ओळी लिहिल्या: वरील सर्व पुस्तके मी स्वतः हलवली असून ती अमुक ठिकाणी सुस्थितीत आहेत, नियमाप्रमाणे कारवाई व्हावी. बाई परत आल्या तेव्हा त्यांनी अर्ज त्यांच्यापुढे धरला. बाईंनी वाचला. आधी त्यांना वाटलं काका थट्टा करतायत. मग कळलं.

"म्हणजे इतके शनिवार," बाई म्हणाल्या, "मी तुमच्यासमोर बसून रडत होती आणि तुम्ही मला चिवडा देत होता?"

बाईंनी अर्ज काउंटरवर आपटला, पिशवी उचलली आणि पुस्तकं घ्यायला दुसऱ्या मजल्यावर निघून गेल्या. अर्जावर त्यांनी सही केली नाही. भाऊजींनी स्वतःची केली आणि तो घेऊन ग्रंथपालांच्या खोलीत गेले. मीही मागून गेले. ग्रंथपालांनी अर्ज दोनदा वाचला, चष्म्यावरून भाऊजींकडे बघितलं आणि म्हणाले, "क़िबला, शिकायत भी आपकी, क़सूर भी आपका. बताइए, मैं किसको बुलाऊँ और किसको डाँटूँ?" त्यांना प्रकरण तिथेच मिटवायचं होतं. चहा मागवतो म्हणाले. ताकीद देऊन सोडून देऊ म्हणाले. भाऊजींनी भिंतीवरचा नियम तोंडपाठ म्हणून दाखवला. "इसमें ताकीद का प्रावधान नहीं है, सर. मैंने रखा ही नहीं था." शेवटी ग्रंथपालांचाही नाइलाज झाला. भाऊजींनी कार्ड टेबलावर ठेवलं, हातमोजे आणि उशी गोळा केली, आणि जाताना मला म्हणाले, "मॅडम, गाडीचं डावं चाक पुन्हा आवाज करायला लागलंय. बघून घ्या."

मार्गदर्शक प्राध्यापक घरी आले. म्हणाले, आणखी मुदतीसाठी कुलगुरूंकडे अर्ज करू, मी बोलतो. भाऊजींनी नको म्हटलं. "मुदत एकदा वाढवून घेतली ती परिस्थिती. दुसऱ्यांदा मागितली तर ते माझं नियोजन." माझ्या यजमानांनी त्यांना समजावून बघितलं, मग चिडून बघितलं. भाऊजी ऐकून घेत होते आणि वर्तमानपत्र वाचत होते. त्या काळात त्यांनी संपादकांना एकही पत्र लिहिलं नाही. घरातली आगपेटी संपली तेव्हा ती खरोखरच संपली. शिवणयंत्राच्या पेटीत काही नव्हतं. मला ते बरं वाटायला हवं होतं.

शनिवारी मात्र ते यायचे. आत यायला परवानगी नव्हती, म्हणून सायकल स्टँडजवळच्या बाकावर डबा घेऊन बसायचे. पहिल्या शनिवारी मंडीदीपच्या बाई त्यांच्यासमोरून मान वळवून गेल्या. दुसऱ्याही. भाऊजी उठून उभे राहायचे आणि त्या गेल्या की बसायचे. तिसऱ्या शनिवारी मी बाहेर आले तेव्हा बाई त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"काका, चिवडा आणला का?"

"आणलाय."

"मग काढा ना बाहेर. की तोपण राखीव आहे?"

भाऊजींनी घाईघाईने डबा काढला. बाई बसल्या. एक मूठ तोंडात टाकून म्हणाल्या, "पुस्तकं भेटली, पण जाहिराती भेटत नाहीत. एवढे मोठमोठे खंड. कुठून सुरू करू?" आणि भाऊजी बोलू लागले. शिंप्यांच्या जाहिराती बघायच्या तर दिवाळीच्या आधीचे अंक, कोचिंगवाल्यांच्या बघायच्या तर निकालाच्या आठवड्यातले. भाड्याच्या खोल्या आतल्या पानावर डावीकडे, पण संपादक बदलल्यावर त्या उजवीकडे गेल्या. पत्रं शोधताना त्यांनी ते सगळं उलटसुलट चाळलं होतं. बाई घास हातात घेऊन ऐकत राहिल्या. मग आत पळाल्या, तासाभराने परत आल्या, "काका, आहेत! उजवीकडेच आहेत!" म्हणाल्या आणि पुन्हा आत पळाल्या. उरलेले सगळे शनिवार हे असं चाललं. बाकावर बसलेले भाऊजी सांगत, आणि ग्रंथालयातून बाई आणत. मी खिडकीतून बघायची. ते पुन्हा खिडकीच्या आतले झाले होते, इतकंच, की बसले बाहेर होते.

भाऊजींची मुदत त्या सत्रात संपली. तो दिवस कोणता होता, हे घरात कुणी बोललं नाही. त्यांनी त्या दिवशी माळ्यावर ठेवलेले जुने पंखे पुसले. बाईंनी मात्र प्रबंध वेळेत दिला, आणि पुढच्या वर्षी त्यांची खुली मौखिक परीक्षा ठरली. विभागाच्या हॉलमध्ये कुणालाही येऊन बसता येतं आणि प्रश्नही विचारता येतो. भाऊजींनी इस्त्रीचा कोट घातला. मी त्यांना वाटेत शेअर टेम्पोतच बजावलं, "भाऊजी, तिथे कुणाच्या चुका काढायच्या नाहीत." ते म्हणाले, "मी काय मूर्ख आहे?"

बाहेरगावचे परीक्षक कडक होते. बाईंनी मांडणी चांगली केली. पण परीक्षकांनी एकदम विचारलं, की दुकानदारांच्या मोडक्यातोडक्या जाहिरातींत संशोधन करण्यासारखं आहे काय? बाई गडबडल्या. पाठ केलेलं काहीतरी बोलल्या, मग तेही अर्धवट सोडलं. हॉलमध्ये बाईंच्या सासूबाई बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघून तर बाईंचा आवाजच बसला. अध्यक्षांनी वेळ सावरायला श्रोत्यांना विचारलं, कुणाला काही प्रश्न? सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. आणि माझ्या शेजारून भाऊजी उठले.

अध्यक्षांनी तो कोट बघितला, पांढरे केस बघितले आणि अदबीने म्हणाले, "जी, डॉक्टर साहब, फ़रमाइए."

मी डोळे मिटून घेतले. भाऊजी क्षणभर उभे राहिले. मग म्हणाले, "मैडम, मैं बस इतना जानना चाहता हूँ कि यह विषय आपको मिला कहाँ?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्या बोलायला लागल्या, पाठ केलेलं नाही, आपल्या हिंदीत. मंडीदीपच्या त्यांच्या शाळेतली कारखान्याच्या कामगारांची मुलं वह्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घालतात. घरी इंग्रजीचं दुसरं काही नसतं. एक मुलगी वर्गात फटाफट इंग्रजी वाचू लागली, तेव्हा बाईंनी विचारलं, कुठे शिकलीस? तिने वही उलटी करून दाखवली. शिंप्याची जाहिरात होती. "सर, इन बच्चों की पहली इंग्लिश बुक यही है," बाई परीक्षकांना म्हणाल्या. "मैंने सोचा, कोई तो इसे पढ़कर देखे." परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच पुढे वाकून ऐकायला सुरुवात केली.

परत येताना टेम्पोत गर्दी नव्हती. भाऊजी पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बसले होते. गोविंदपुऱ्यापर्यंत त्यांनी बॉक्सची दोरी दोनदा सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "ते अध्यक्ष मला काय म्हणाले, ऐकलंस का?"

"ऐकलं."

"दुरुस्त करायला हवं होतं."

"हवं होतं," मी म्हटलं. "मग केलं का नाहीत?"

"त्या बाईंचा वेळ गेला असता," भाऊजी म्हणाले, आणि क्वार्टर येईपर्यंत बाहेर बघत राहिले. मीही दुसऱ्या बाजूने बाहेर बघत बसले. त्या रस्त्यावर बघण्यासारखं तसं काहीच नाही.